डोळ्यांआधी धावणारी आठवण

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत शेजारचा प्रवासी डोंबिवलीपर्यंत आमच्याशी आपुलकीने बोलतो. मग विचारतो, "आडनाव काय?" उत्तर मिळताच स्वर बदलतो. क्षणापूर्वीचे आम्ही तेच असतो. बदलतो तो त्याच्या मनातला आमचा कप्पा.

हा अनुभव नवा नव्हे. १९०१च्या सुमारास बाल भीमराव भाऊ व भाच्यांसह वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्थानकावर उतरले. नीटनेटका पोशाख पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची मुले वाटली. 'महार' हा शब्द कानी पडताच त्यांची मुद्रा पालटली. आमच्या मते यातील मर्म असे, की स्टेशनमास्तरांनी दोन्ही वेळा स्मरणावरच निवाडा केला. आधी कपड्यांवरून, मग एका शब्दावरून. समोर ताटकळलेली, भेदरलेली लेकरे त्यांनी पाहिलीच नाहीत.

पंचस्कंधांतील संज्ञा म्हणजे खूण पटवून ओळखणे. तिच्यावाचून व्यवहार अशक्य. जलद आणि धीमी गाडीही आपण ओळखू शकणार नाही. दोष संज्ञेचा नाही. ती डोळ्यांना काम करू देत नाही, तेव्हा अनर्थ होतो. पूर्वी आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या सोपाऱ्याचा बाहिय श्रावस्तीला गेला, तेव्हा तथागतांनी त्याला हेच सांगितले: जे दिसले, त्यात केवळ दिसलेलेच असू दे.

मात्र केवळ इतरांकडे बोट दाखवून भागणार नाही. "याचा थोरला भाऊही असाच होता", "याला गणित जमायचे नाही", ही वाक्ये वसतिगृहांतही ऐकू येतात. ज्या कप्प्यांनी आपल्या पूर्वजांचे माणूसपण झाकले, तसेच कप्पे आपण आपल्याच लेकरांसाठी तयार करावेत काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. नव्या विद्यार्थ्याविषयी पहिल्या सहामाहीत शिक्षकांनी व गृहपालांनी केवळ पाहिलेलेच नोंदवावे: कोणते उदाहरण कोणत्या पायरीवर अडले, आजारी सोबत्याजवळ कोण बसले, रात्री कोण रडले. 'हुशार', 'मंद', 'व्रात्य' हे शब्द तोवर बाजूला ठेवावेत. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनीही घरी आलेल्या मुलाला आडनावाआधी विचारावे, "बाळा, जेवलास का?"

मसूरच्या फलाटावर कोणी एवढेच विचारले असते, तर त्या मुलांची ती रात्र उपाशी गेली नसती.