विल्सनच्या आजारावर औषध आहे, उशीर करू नका

शाळा-कॉलेजातल्या मुलाचं चांगलं अक्षर बिघडू लागलं, बोलताना जीभ अडखळू लागली, लाळ गळू लागली, हात थरथरू लागले, स्वभाव एकदम चिडका झाला, तर त्याच्यावर रागावू नका. बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडेही नेऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा विल्सनचा आजार तर नाही?’ पूर्वी कधी कारण न कळता कावीळ झाली असेल, तर तेही सांगा.

मेंदूची झीज करणाऱ्या बहुतेक आनुवंशिक आजारांना रोखणारं औषध नाही. डॉ. सॅम्युअल विल्सन यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या या आजाराला ते आहे. जेवणातून आलेलं जादा तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. एटीपी७बी या जनुकात दोष असला की ते बाहेर पडत नाही. आधी यकृतात आणि पुढे मेंदूत साचतं.

रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासून घ्या. नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पवर डोळेही तपासून घ्या. मेंदूवर परिणाम झालेल्या बहुतेक रुग्णांच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडं दिसतं. मात्र कडं दिसलं नाही म्हणून आजार नाहीच, असं समजू नका. शंका उरली तर जनुकीय चाचणी करता येते.

डॉ. जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये या आजारावर पेनिसिलामाइन हे औषध वापरात आणलं. आज ट्रायएंटीन आणि झिंकही आहेत. सुरुवातीला काहींची थरथर वाढते. तसं झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा, पण गोळ्या परस्पर बंद करू नका. हे उपचार जन्मभराचे आहेत, गरोदरपणातही चालू ठेवायचे असतात. बरं वाटतंय म्हणून औषध सोडलं, तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि ताम्रभस्म असलेली औषधं बंद करा. कलेजी, शिंपले, मशरूम, चॉकलेट टाळा. पण नुसत्या पथ्याने हा आजार आटोक्यात येत नाही.

आणखी एक कळकळीची विनंती. सुनेला बोल लावू नका. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं, तरच हा आजार होतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत काही घरांत आहे. अशा नात्यात दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका असतो. म्हणून घरात एकाला हा आजार निघाला, की धडधाकट दिसणाऱ्या सख्ख्या भावंडांचीही लगेच तपासणी करा. लक्षणं दिसण्याआधी औषध सुरू झालं आणि नियमित घेतलं, तर ही मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार थाटतात.