ट्रंकेतले रिव्हॉल्वर आणि त्याचे कागद

#थ्रेड

नगरच्या जुन्या पेठांतील वाडे एकेक करून रिकामे झाले आणि त्यांतील अनेक कुटुंबे सावेडीच्या बंगल्यांत व सदनिकांत राहावयास गेली. त्यांच्याबरोबर पितळी भांडी गेली, पोथ्या गेल्या, पत्र्याच्या ट्रंका गेल्या. समजा, अशा एखाद्या ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले रिव्हॉल्वर निघाले आणि त्याच्या नळीवर अमेरिकी कंपनीचे नाव आढळले. अर्ध्या तासात त्याला इतिहास चिकटतो. कुणी म्हणते, मिशनच्या साहेबाने पणजोबांना भेट दिले. कुणी म्हणते, बेचाळीसच्या चळवळीतले आहे. एखादा उत्साही नातू त्याला थेट सत्तावन्नच्या बंडापर्यंत नेऊन पोहोचवितो.

यांपैकी एकही कथा सर्वस्वी अशक्य नाही, हीच खरी अडचण आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ पासून आहे. इंग्रजांची लष्करी छावणी जुनी. भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरूंसह काँग्रेसचे नेते बंदिवान होते. ज्या गावाचा इतिहास इतका भरगच्च असतो, तेथे कोणत्याही वस्तूला कोणतीही कथा बेमालूम बसते. जुन्या अमेरिकी रिव्हॉल्वरांच्या नादी लागलेल्या तरुणांनी म्हणूनच कथेच्या आधी क्रमांक वाचावयास शिकले पाहिजे.

सॅम्युएल कोल्टने अमेरिकेत फिरत्या चेंबरच्या शस्त्राचे पेटंट घेतले ते १८३६ मध्ये. त्याचे १८५१ चे ‘नेव्ही’ मॉडेल जगभर गेले. १८५३ मध्ये त्याने लंडनलाच कारखाना काढला. तो तीन-चार वर्षांत बंद पडला, परंतु तेवढ्यात हजारो नग बाहेर पडले होते. कंपनी सरकारचे अधिकारी आपली बाजूची शस्त्रे बहुधा स्वतःच्या पैशाने विकत घेत. कोल्ट हिंदुस्थानात पोहोचण्याची ती एक सरळ वाट होती. या नेव्ही मॉडेलच्या सिलिंडरवर टेक्सास आणि मेक्सिको यांच्या आरमारांतील १८४३ च्या लढाईचे चित्र कोरलेले असते. झिजलेल्या चित्रातील ती जहाजे मराठी घरात कुणाला आंग्र्यांची वाटली, तर त्याला हसू नये. पण तसे लिहून मात्र ठेवू नये.

तथापि नगरसारख्या लष्करी गावात अमेरिकी रिव्हॉल्वर निघालेच, तर ते दुसऱ्या महायुद्धातील स्मिथ अँड वेसन असण्याचा संभव कितीतरी अधिक. त्या कंपनीने ब्रिटन व राष्ट्रकुलातील सैन्यांसाठी .३८ व्यासाची पाच लाखांहून अधिक रिव्हॉल्वरे बनविली. १९४२ पासूनच्या नगांच्या क्रमांकाआधी ‘व्ही’ हे अक्षर आढळते. क्रमांक मुठीच्या तळाशी असतो, आणि अनेकांच्या चौकटीवर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ असा ठसा असतो. असा ठसा असलेले शस्त्र सत्तावन्नचे असणे शक्य नाही. एका ठशाने तीन पिढ्यांची दंतकथा कोसळते. कुटुंबाला वाईट वाटते, पण ती वाईट बातमी नव्हे. युद्धकाळात नगर हे चिलखती वाहनांच्या प्रशिक्षणाचे केंद्र होते. रणगाड्याच्या आत रायफल वागविणे अवघड, म्हणून त्या सैनिकाच्या कमरेला रिव्हॉल्वर असे. ते शस्त्र नगरच्या एका घरात कोणत्या मार्गाने आले, हा प्रश्न सत्तावन्नच्या दंतकथेपेक्षा काकणभर अधिक रसाळ आहे.

मालकीच्या इतिहासाला बाजारात किती मोल येते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत २०२१ मध्ये दिसले. शेरीफ पॅट गॅरेटने ज्या कोल्टने ‘बिली द किड’ला १८८१ मध्ये ठार केले, ते रिव्हॉल्वर लिलावात सुमारे ६० लाख डॉलरना गेले. त्याच जातीची सामान्य कोल्ट काही हजार डॉलरना मिळतात. पोलाद तेच, लाकूड तेच, फरक कागदांचा. गॅरेटच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने एका मद्यालयाच्या मालकाच्या वारसांशी न्यायालयात झगडून ते शस्त्र परत मिळविले होते. त्या खटल्याने नकळत मालकीची साखळी सिद्ध करून ठेवली. (उलट बाजूची आख्यायिकाही तिकडे आवडीने सांगतात : बॅट मास्टरसन या नामांकित शेरीफाने गहाणवटीच्या दुकानातून जुने कोल्ट घेतले, मुठीवर बावीस खाचा कोरल्या आणि एका हौशी संग्राहकाच्या गळ्यात बांधले.)

आपल्याकडचे उदाहरण रिव्हॉल्वरचे नाही, पिस्तुलाचे आहे. पण तेही कोल्टच, आणि महाराष्ट्राशी जवळचे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सवर गोळ्या झाडणाऱ्यांत भगतसिंगांसमवेत खेडचे शिवराम हरी राजगुरू होते. भगतसिंगांचे .३२ व्यासाचे कोल्ट पिस्तूल खटल्यात पुरावा म्हणून आले, पुढे फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात गेले आणि तेथून सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रशाळेत पोहोचले. तेथे ते इतर जुन्या शस्त्रांबरोबर वर्षानुवर्षे होते. ते कुणाचे, हे पाहणाऱ्याला ठाऊक नव्हते. २०१६ मध्ये एका पत्रकाराने जुन्या नोंदींतील १६८८९६ या क्रमांकाचा माग काढला. शस्त्रावरचा रंग खरवडला आणि खाली तोच क्रमांक निघाला. राष्ट्राच्या इतिहासातील एवढी मोठी वस्तू रंगाच्या एका थराखाली हरवली होती, आणि तिला परत आणले ते सहा आकड्यांनी.

म्हणूनच आपल्या कायद्याच्या एका परिणामाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे संघराज्याच्या कायद्याने पुरातन मानली जातात व बंदुकीच्या व्याख्येतून वगळली जातात. भारतात तशी सरसकट सूट नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ पुराण्या शस्त्राला सवलत देते ते दुरुस्तीनेही चालू शकणार नाही अशा अवस्थेतच. दुसरीकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांच्या वस्तूला पुरावस्तू मानतो. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आणली आणि वारसाने आलेली शस्त्रेही त्या मर्यादेतच मोजावयाची ठरविली. जास्तीची शस्त्रे पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची होती.

बेकायदा कट्ट्यांचा सुळसुळाट पाहता सरकारने शस्त्रांची संख्या आवळावी, यात वावगे काही नाही. चालू स्थितीतील रिव्हॉल्वर विनापरवाना घरात ठेवण्याचे समर्थन इतिहासप्रेमाच्या नावाने करता येणार नाही. सापडलेल्या शस्त्राचा घोडा ओढून पाहू नये, त्यात काडतूस असू शकते. वकिलाला विचारून ते ठाण्यात कळवावे, हेच योग्य. आक्षेप वेगळा आहे. शस्त्र जमा होताना त्याचा प्रकार आणि क्रमांक लिहिला जातो. ते आजोबांकडे कुणाकडून आले, हे विचारणे कुणाचेही काम नसते. जमा करण्यापूर्वी वस्तुसंग्रहालयाच्या अभ्यासकाने पाहून दोन पानांचे टिपण करावे, एवढी व्यवस्था जिल्हा पातळीवर अवघड नाही. ती झाली पाहिजे.

ती होईपर्यंत काम घरच्यांचे आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला परवान्याच्या दावणीला बांधले. पण त्याच दावणीमुळे जुन्या परवान्यावर धारकाचे नाव, गाव आणि शस्त्राचे वर्णन सापडते. ही अपमानास्पद कागदपत्रे आज सर्वांत विश्वासू साक्षीदार आहेत. शस्त्राची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक ठसा उतरवून घ्यावा, पॉलिश-कागदाने एकही डाग घासू नये. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या दप्तरांतून शुल्क भरून क्रमांकावरून माहिती मागविता येते : शस्त्र कारखान्यातून कधी निघाले, कोणाकडे धाडले. जुन्या नेव्ही मॉडेलांची दप्तरे फार अपुरी उरली आहेत, परंतु विसाव्या शतकातील नगांबाबत पुष्कळ हाती लागते. ते उत्तर मात्र पहिल्या खरेदीदारापाशी थांबते. तेथून सावेडीच्या ट्रंकेपर्यंतचा प्रवास घरातील परवाना, वाटणीपत्र आणि आजीची आठवण यांतूनच जुळवावा लागतो, आणि घर बदलताना रद्दीवाल्याकडे पहिल्यांदा जातात ते हेच कागद.