वापरणारा आणि घडविणारा

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ विमानांनी भारतीय वायुदलाचा निरोप घेतला. त्यांपैकी शेकडो विमाने आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, ओझरच्या कारखान्यात तयार झाली होती. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर रोजी, त्याच ओझरहून ‘तेजस मार्क-१ए’ विमान प्रथम आकाशात झेपावले. योग आनंदाचा खरा. पण अशा ८३ विमानांचा करार २०२१ च्या फेब्रुवारीत झाला होता, ती २०२४ पासून वायुदलाच्या हाती पडावयाची होती, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत खुद्द वायुदलप्रमुखांनी हिंदुस्थान एरोनॉटिक्सवर आपला विश्वास उरलेला नाही असे उघडपणे सुनावले होते, याचाही विसर पडू नये. विमान चालविणारा आणि विमान बनविणारा एकमेकांकडे संशयाने पाहू लागले, तर राष्ट्राच्या संरक्षणाची भिस्त कोणावर ठेवावयाची?

या प्रश्नाच्या संदर्भात एका नावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. लक्ष्मण माधव कात्रे हे नाव आज महाराष्ट्रात फारसे कोणी उच्चारीत नाही. वायुदलातील दीर्घ सेवेनंतर एअर मार्शल कात्रे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे अध्यक्ष झाले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला ज्या विमान कारखान्याचा पाया घातला, त्याचाच १९६४ मध्ये विस्तार होऊन ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिचे अध्यक्षपद भूषवून कात्रे पुन्हा गणवेशात परतले आणि १९८४ च्या सप्टेंबरमध्ये वायुदलप्रमुख झाले. दोन महिन्यांच्या आत पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या झाली. देशाने अस्वस्थतेचा काळ पाहिला. १९८५ च्या जूनअखेर फ्रान्सची मिराज-२००० विमाने ग्वाल्हेरला दाखल झाली आणि १ जुलै रोजी, पदावर असतानाच, कात्रे यांचे निधन झाले. जेमतेम दहा महिन्यांची ही कारकीर्द; तिच्यातून कोणताही अंतिम निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तथापि तिने दाखविलेली वाट विचार करण्याजोगी आहे.

ही वाट त्यांनी एकट्यानेच चोखाळली असेही नाही. प्रतापचंद्र लाल यांनीही याच कंपनीची धुरा वाहिली, १९६९ मध्ये ते वायुदलप्रमुख झाले आणि १९७१ च्या युद्धात त्यांनी वायुदलाचे नेतृत्व केले. सुटा भाग वेळेवर न मिळाल्याने जमिनीवर अडकून पडलेले विमान तळावरील अधिकाऱ्याला बोचते. आराखड्यात ऐनवेळी सुचविलेला बदल कारखान्यातील अभियंत्याला छळतो. दोन्ही दुःखे ज्याने भोगली, त्याला दोन्ही बाजूंच्या सबबी ओळखता येतात.

परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातील धोका झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काल ज्याने माल बनविला, तोच आज तो पारखून घेणार असेल, तर पारख निर्भेळ कशी राहावी? शिवाय छावणीतील आज्ञा आणि कारखान्यातील कारभार यांची जातकुळी भिन्न आहे. तेथे हुकूम सुटला की पावले पडतात. येथे कामगार संघटना, हिशेबतपासणीस, परदेशी पुरवठादार आणि मंत्रालयातील फायली या सर्वांची समजूत घालीत पुढे जावे लागते. छातीवरील पदके कारखाना चालविण्याची पात्रता सिद्ध करीत नाहीत.

आणखी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सेवेत असताना सरकारी कारखान्यात जाणे वेगळे आणि निवृत्त होताच खाजगी शस्त्रपुरवठादाराच्या पदरी राहणे वेगळे. पहिल्यात अनुभव राष्ट्राच्याच एका खात्यातून दुसऱ्यात जातो व संसदेला त्याचा जाब विचारता येतो. दुसऱ्यात ओळखीपाळखी विकल्या जाण्याचे भय असते. म्हणून निवृत्तीनंतरच्या नोकरीवरील मुदतीचे निर्बंध कठोरपणे पाळले जावेत, याविषयी दुमत नसावे.

मग करावे काय? अध्यक्षाच्या खुर्चीत एखादा एअर मार्शल बसविल्याने प्रश्न सुटणार नाही. मधल्या श्रेणीतील अधिकारी तीन-चार वर्षे ओझर-बंगळूरच्या कारखान्यांत आणि तेथील तरुण अभियंते तितकाच काळ हवाई तळांवर काढतील, अशी देवाणघेवाण नित्याची व्हावी. मालाची अंतिम परीक्षा मात्र दोघांहून स्वतंत्र अशा यंत्रणेने करावी. विश्वास वरून लादता येत नाही. तो एकाच यंत्रावर वाकलेल्या दोन डोक्यांत निर्माण होतो.

पालघर-बोईसरच्या रहिवाशांना याचा दाखला दूर शोधावयास नको. तारापूरची अणुवीज केंद्राची पहिली दोन संचे १९६९ मध्ये अमेरिकेच्या साहाय्याने सुरू झाली. पोखरणच्या १९७४ च्या चाचणीनंतर इंधनपुरवठ्याचे राजकारण सुरू झाले आणि परक्याच्या भरवशाची किंमत कळली. ती यंत्रे पुढे दशकानुदशके चालविली ती तेथेच राबणाऱ्या भारतीय तंत्रज्ञांनी. यंत्र हाताळणारा हातच ते दुरुस्त करण्यास शिकला. माकुणसारसारख्या गावांतून रोज गाडी पकडून बोईसरच्या कारखान्यांत जाणारा पदविकाधारक मुलगा याच परंपरेचा वारस आहे. विमानाचे भाग घडविण्याचे काम उद्या त्याच्याही हाती येऊ शकेल. तो भाग ज्याच्या प्राणांचे रक्षण करणार आहे, त्या वैमानिकाचे म्हणणे त्याच्या कानी पडेल अशी व्यवस्था आपण करणार आहोत की नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे.