'सेफ फॉर ऑल गिटार्स' म्हणे!

गिटार वाजवणाऱ्या माणसाचा बराच वेळ दोन गोष्टींत जातो. एक, गिटार सुरात लावणे. दोन, पिक शोधणे. पिक म्हणजे ती तिकोनी प्लास्टिकची टिकली, जिनं तारा छेडतात. ती सोफ्याच्या फटीत जाते, वॉशिंग मशीनमध्ये जाते. आणि अकूस्टिक गिटारच्या भोकातून आत पडली, की गिटार उलटी धरून गदागदा हलवण्याचा जो कार्यक्रम होतो, तो होस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकानं पाहिला असेल. (पिक हरवलं म्हणून पीकविमाही मिळत नाही!)

तेव्हा पिक होल्डर नावाची वस्तू निघाली, यात गैर काहीच नाही. ती सुंदर असावी, यातही नाही. कोरीव लाकूड, पितळेचं फूल, चामड्याचा खिसा... असू दे की. आपली गिटार आपण सजवायची नाही तर कोणी? माझं भांडण आहे ते पाकिटावर छापलेल्या चार शब्दांशी : 'सेफ फॉर ऑल गिटार्स'. मागचा कागद काढा, गिटारच्या अंगावर चिकटवा, विसरून जा.

आपल्या धंद्यात कुणी रिक्वायरमेंटमध्ये 'ऑल ब्राउझर्स' लिहिलं, तर टेस्टिंगवाले पहिला प्रश्न काय विचारतात? 'ऑल म्हणजे कुठले कुठले?' हाच प्रश्न इथे विचारू.

गिटारच्या लाकडावर जो चकचकीत थर असतो तो सगळीकडे एकच नसतो. आज बाजारातल्या बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं. हे थर रासायनिक क्रिया होऊन पक्के होतात आणि चिवट असतात. पण गिब्सनसारख्या कंपन्यांच्या बऱ्याच महागड्या गिटारवर आणि जुन्या वाद्यांवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. ते फक्त द्रावक उडून जाऊन वाळतं. वर्षं उलटली तरी योग्य द्रावक मिळाला की परत विरघळायला तयार! साधं उदाहरण देतो. नेलपॉलिशमध्ये मुख्यतः हेच नायट्रोसेल्युलोज असतं. म्हणजे चिकटपणा काढायला तुम्ही घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर अशा गिटारवर चोळलंत, तर डागासकट पॉलिशही निघेल. आता बोला.

बरं, विरघळायला बाटलीच लागते असंही नाही. मऊ पीव्हीसी मऊ असतं, कारण त्यात प्लास्टिसायझर मिसळलेले असतात. ते जागेवर बसत नाहीत. हळूहळू बाहेर झिरपतात आणि शेजारच्या नायट्रो लॅकरमध्ये शिरतात. लॅकर मऊ पडतं, डागाळतं, कधी चिकट होतं. रबरी पॅड असलेल्या स्टँडवर महिनोन् महिने ठेवलेल्या गिटारच्या मानेवर असे डाग पडतात, ही रिपेअरवाल्यांच्या रोजच्या ओळखीची गोष्ट आहे. स्टँडचं जे, तेच व्हॅक्यूम कपवाल्या होल्डरचं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. तुमची गिटार पॉली फिनिशची असेल, तर ही रासायनिक भीती बरीच कमी होते. पण मग पाकिटावर तसं लिहा ना! 'पॉली फिनिशसाठी' एवढंच. ते लिहिलं की 'ऑल' जातं आणि गिऱ्हाईक विचार करायला लागतं. खरी अडचण ती आहे.

आता समजा, उद्या कुणी असा गोंद काढला जो कुठल्याच फिनिशला काही करत नाही. तरी प्रश्न सुटतो का? नाही. प्रकाशाने स्प्रूसचं लाकूड वर्षानुवर्षं गडद होत जातं, मधासारखा रंग येतो. होल्डरखाली प्रकाश पोचत नाही. चार-पाच वर्षांनी तो काढलात तर खाली त्याच आकाराचा फिकट ठसा, भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर दिसतो तसा. यात गोंदाचा दोष नाही. चूक जागेची आहे. म्हणूनच माझं म्हणणं आहे, की गिटारच्या अंगावर चिकटणारी कुठलीच शोभेची वस्तू 'सेफ' हा शब्द लावून विकू नये.

'अहो, कंपन्या स्वतः पिकगार्ड चिकटवतातच की!' बरोबर. आणि त्यातूनच काय झालं ते बघा. मार्टिन ही १८३३ सालापासूनची कंपनी. अनेक दशकं ते पिकगार्ड उघड्या लाकडावर चिकटवून वरून लॅकर मारत. काळाबरोबर ते प्लास्टिक आकसलं आणि त्यानं खालचं लाकूड ओढलं. त्यातून पडणाऱ्या चिरेला रिपेअरच्या दुनियेत 'पिकगार्ड क्रॅक' असं नावच पडलं. १९८० च्या दशकात कंपनीनं पद्धत बदलली आणि पिकगार्ड फिनिशच्या वर लावायला सुरुवात केली. जेमतेम तीन मिलिमीटरच्या फळीवर काहीही कायमचं चिकटवणं म्हणजे काय, हे मार्टिनसारख्यांना इतकी वर्षं वापरून कळलं. दोनशे रुपयांच्या पाकिटाला ते आधीच कळलं, असं मानायचं?

'दोनशे रुपयांची वस्तू, एवढं काय मनावर घ्यायचं?' असंही कुणी म्हणेल. इथेच तर मेख आहे. होल्डर दोनशेचा, पण बिघडतं ते पहिल्या पगारातून घेतलेलं वाद्य, किंवा काकांनी जपून ठेवून तुमच्या हातात दिलेलं. चूक झाली तर विकणाऱ्याचा खर्च शून्य, तुमचा मात्र पॉलिशवाल्याकडचा. ज्याला नुकसान सोसायचं नाही, त्यानं 'सेफ' छापायला काय जातंय?

मग पिक ठेवायचं कुठे? सोपं आहे. हेडस्टॉकवर, नटच्या पलीकडे तारांमध्ये खोचा. फुकट. तारेचा तो भाग वाजवायचा नसतो, त्यामुळे फरक पडत नाही. मात्र 'यात सगळं आलं, होल्डर कशाला हवा' असं नाक मुरडणाऱ्या शुद्धतावाद्यांशीही मी सहमत नाही. देखणा होल्डर जरूर घ्या, फक्त तो पट्ट्यावर लावा. पट्ट्यावर कोल्हापुरी चामड्याचा खिसा शिवा, पैठणीच्या काठाचा तुकडा लावा, काय वाट्टेल ते करा. पट्टा बदलता येतो. घुंगरू तेवढं लावू नका. प्रत्येक स्वराबरोबर तेही वाजणार.

आणि विकणाऱ्यांकडून माझ्या मागण्या तीनच. कुठल्या फिनिशवर चालतं ते लिहा. गिटारला टेकणारा भाग कशाचा आहे ते लिहा. काढायचा कसा ते लिहा. तीन ओळी. आपण एवढ्याशा पॅचबरोबर याहून मोठ्या रिलीज नोट्स देतो हो!

तोवर दुकानदाराला एकच विचारा : 'हा नायट्रोवर चालतो का?' उत्तरात 'सगळ्यावर चालतो सर' आलं, तर पाकीट परत ठेवा आणि पट्ट्यांच्या रॅककडे वळा.