क्रूस कोणी वाहायचा?



मार खाऊन सल्ला केंद्रात आलेल्या ख्रिस्ती बहिणीच्या मनात दोन भीती असतात. एक नवऱ्याची, दुसरी पापाची. देवासमोर लागलेलं लग्न मोडू कसं, असं ती विचारते. मी स्वतः ख्रिस्ती आहे. ‘धर्म सोडून दे’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. तिला तिच्या श्रद्धेतूनही उत्तर मिळायला हवं.

आधी कायद्याचं बघू. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की त्याला घटस्फोट मिळे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसती मारझोड असेल तर विभक्त राहण्याचा हुकूम मिळे, सुटका नाही. उलट, बायकोच्या प्रियकराकडून नवरा नुकसानभरपाई मागू शकत होता. जणू त्याच्या मालमत्तेचीच नासधूस झाली होती! १९९५ साली केरळ आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठांनी हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. संसदेने कायदा बदलला तो २००१ साली, म्हणजे १३२ वर्षांनी.

हा बदल आपोआप झाला नाही. ख्रिस्ती स्त्रिया कोर्टात गेल्या, त्यांच्या गटांनी चर्चच्या संस्थांबरोबर बसून मसुदे तयार केले. ‘अल्पसंख्याकांना सुधारणा नकोच असते’ हा प्रचार म्हणूनच खोटा आहे.

पण कायदा बदलला तरी उपदेश बदलला का? सहन कर, क्षमा कर, आपला क्रूस वाहा, हे आजही बाईलाच ऐकवलं जातं. मत्तयाच्या शुभवर्तमानातला १९ वा अध्याय तिच्यापुढे धरला जातो. तिथे प्रश्न विचारणारे पुरुष आहेत, आणि त्यांचा प्रश्न आहे कोणत्याही कारणासाठी बायको टाकता येते का, हा. येशूचं उत्तर बायको टाकणाऱ्यांना आवरणारं आहे. तेच मार खाणारीच्या पायातली बेडी कसं झालं? योहानाच्या ८ व्या अध्यायातही व्यभिचाराच्या आरोपावरून बाईला तेवढं ओढून आणलं आहे. तिच्या जोडीचा पुरुष कुठेच नाही. येशू दगड उचलणाऱ्यांनाच जाब विचारतो.

असं वाचन आपल्याला परकं नाही. १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी चर्चच्या अधिकाऱ्यांपुढेही मान तुकवली नाही. श्रद्धा ठेवली, स्वतःची बुद्धी गहाण टाकली नाही. भारतातल्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी २०१० साली स्त्री-पुरुष समानतेचं धोरण जाहीर केलं. ते आपल्या धर्मग्रामात कुणी वाचून दाखवलं का, हे फादरांना विचारायला हवं.

कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. चर्चच्या न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरवला तरी, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुन्हा स्पष्ट केल्याप्रमाणे, त्याने कायदेशीर घटस्फोट होत नाही. कोर्टाचा हुकूम न घेता दुसरं लग्न करणारी बाई अडचणीत येते. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. संरक्षण मागायला घटस्फोटाची गरज नाही.

चर्चच्या महिला मंडळांत ही माहिती घेऊन जाऊ या. पाळकांनाही बोलावू या. पुढच्या वेळी कुणी तिला क्रूस वाहायला सांगेल, तेव्हा तो तिच्या खांद्यावर ठेवला कुणी, हा प्रश्न त्याच सभेत उभा राहिला पाहिजे.