परी आणि रॉकेट

डोंबिवलीला फडके रोडवर बहिणीच्या नातीसाठी वाढदिवसाचे कार्ड शोधत होते. 'मुलगा की मुलगी?' दुकानदाराने आधी हेच विचारले. मुलींच्या गठ्ठ्यात गुलाबी पऱ्या. मुलांच्या गठ्ठ्यात रॉकेट, मोटारी, वाघ.

चित्रच ते, त्यात काय एवढे? पण पोर सहा वर्षांची होतेय. २०१७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतील मुलांचा अभ्यास आला. 'फार फार हुशार' कोण, असे विचारल्यावर पाच वर्षांच्या मुली मुलग्यांइतक्याच आपल्या बाजूने कौल देत; सहा-सात वर्षांच्या मुलींत हे प्रमाण घटले. एका कार्डाने हे होत नाही, पण तीच चित्रे दप्तरावर, डब्यावरही असतात.

मुलग्यांचेही नुकसान आहेच. आमच्या ओपीडीत इंजेक्शनला रडणाऱ्या मुलाला 'मुलीसारखा काय रडतोस' हमखास ऐकावे लागते. पुढे पन्नाशीत छातीतली कळ अंगावर काढून उशिरा येणाऱ्या पुरुषांत मला तोच मुलगा दिसतो.

'बालभारती'ने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातील चित्रात आईबाबा दोघांनाही भाजी निवडायला बसवले. कार्डवाल्यांना का जमू नये?

मी रॉकेटचे कार्ड घेतले. आतले 'आमचा वाघ' खोडून तिचे नाव लिहिले.