लागू नसल्यास खोडावे

तुम्ही कधी एखाद्या चौकोनाशी भांडलायत? मी भांडलेय. तेही माहूरला, नेट सेंटरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, गडावरून आणलेला तांबूल चघळत चघळत!

गेल्या महिन्यात मावशीकडे चार दिवस नुसतं लोळायचं असा माझा प्लॅन होता. पण पोचले त्याच दिवशी माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, नोकरीचा ऑनलाइन फॉर्म भरायची शेवटची तारीख निघाली. ‘तू पुण्यात राहतीस, तुला कळतं, जा तिच्यासोबत,’ मावशी म्हणाली. मास कम्युनिकेशनची डिग्री असली की घरचे आपल्याला कम्प्युटर इंजिनिअरच समजतात.

फॉर्म कुणाचा होता ते राहू द्या. सेंटरवाल्या दादाने ‘वैवाहिक स्थिती’पुढे सवयीने ‘विवाहित’ निवडलं, आणि खाली टुणकन ‘पतीचे नाव’ असा रकाना उगवला. ‘घटस्फोटित टाका,’ ताई हळूच म्हणाली. त्याने टाकलं. रकाना जागच्या जागी! शेजारी लाल स्टार, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. रिकामा सोडला, चालेना. ‘एनए’ टाकलं, तर किमान तीन अक्षरं हवीत. तीन टिंबं दिली, तर फक्त अक्षरंच चालतील.

‘ताई, अविवाहित टाकू का? डबा गायब होतो बघा.’ खरंच गायब झाला. सात वर्षांचा संसार आणि तीन वर्षांच्या कोर्टाच्या चकरा, एका क्लिकमध्ये साफ. ताई नुसती स्क्रीनकडे बघत राहिली.

मी बाहेर येऊन पुण्यातल्या डेव्हलपर मित्राला फोन लावला. त्याच्या मते हा जावास्क्रिप्टचा दोन ओळींचा खेळ. उत्तर बदललं की कोड बघतो, अमुक असेल तर रकाना दाखव, नाहीतर लपव. इथे कुणीतरी ‘अविवाहित नसेल तर दाखव’ एवढंच लिहिलं असणार. म्हणजे जगात बायका दोनच प्रकारच्या, झालं काम!

आणि लपवलेला रकाना मेलेला नसतो म्हणे. तो फक्त डोळ्यांआड जातो. समजा तुम्ही आधी ‘विवाहित’ निवडून नवऱ्याचं नाव टाइप केलं आणि मग उत्तर बदललं, तर ते नाव आत तसंच बसून राहतं आणि सबमिट दाबलं की गुपचूप सर्व्हरला जातं. दुसरी गंमत म्हणजे, रकाना लपवला पण त्याच्यावरची सक्ती काढायची राहिली, तर ब्राउझर फॉर्म अडवून धरतो आणि का अडवला तेही दाखवत नाही. आपण बटण बडवतोय, पान ढिम्म! आपल्याला वाटतं, नेट गेलं. उपाय साधा आहे. लपवताना रकाना डिसेबल करायचा, मग तो तपासलाही जात नाही आणि पाठवलाही जात नाही. शिवाय तीच अट सर्व्हरवर पुन्हा बघायची. पण त्याआधी ‘घटस्फोटित’ निवडणाऱ्या बाईला काय विचारायचं आणि काय नाही, हे कुणीतरी ठरवायला हवं ना? तिथे जावास्क्रिप्ट बिचारी काय करणार!

जुन्या कागदी फॉर्मवर एक फार सभ्य ओळ असायची, ‘लागू नसेल ते खोडावे.’ पेनाने आडवी रेघ मारली, विषय संपला. स्क्रीनवर रेघ मारता येत नाही.

हे सुधारता येतच नाही असंही नाही. पासपोर्टच्या नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये बदल झाला आणि घटस्फोटित किंवा विभक्त अर्जदारांना जोडीदाराचं नाव देण्याची गरज उरली नाही. उलट ‘लाडकी बहीण’चं बघा. २०२४ च्या या योजनेच्या पात्रतेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तिने स्वतःच्या आधारनंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. दोघंही हयात नसतील तर ओटीपी यायचा कुणाच्या फोनवर? नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि अशा बायकांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचे असं ठरलं. स्क्रीनवर कुणाला न सुचलेला रकाना शेवटी सेविकेच्या पिशवीत गेला.

आत आले तर ताई स्वतः की-बोर्डवर बसली होती. ‘खोटं लिहिणार नाही, आणि त्याचं नावपण लिहिणार नाही,’ एवढंच म्हणाली. मग पतीच्या नावाच्या रकान्यात तिने शांतपणे टाइप केलं, ‘लागू नाही.’ तीन अक्षरांपेक्षा जास्त, टिंब नाही, आकडा नाही. फॉर्म सुळकन पुढे गेला! सेंटरवाला दादा बघतच राहिला.

काल हॉलतिकीट आलं, ताईने फोटो पाठवला. आधी तिचं नाव, मधे ‘लागू नाही’, मग आडनाव. आम्ही दोघी फोनवर जाम हसलो. कागदपत्रांच्या तपासणीला याचं काय होणार, देवीलाच माहीत. ताईने कोर्टाच्या आदेशाच्या तीन झेरॉक्स आत्तापासून काढून ठेवल्यात.